मशीनला हाल विचारायचे तर एसएनएमपी की नोड एक्सपोर्टर?

पंचवीस-तीस लिनक्स मशिनी, त्याही इंदूरच्या तीन टोकांना, आणि त्यांचं आत्ता काय चाललंय हे बसल्या जागी विचारायचंय, तर गाडी शेवटी या दोघांवरच येते: एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची माहिती विचारायची जुनी पद्धत, आणि नोड एक्सपोर्टर, म्हणजे मशीनवर बसून तिचे आकडे वेबपानावर दाखवणारा छोटा प्रोग्राम. एसएसएचनं (दुरून लॉगिन करायची सोय) आत शिरून स्क्रिप्ट चालवणं मी वर्षभर केलं, पाच-सात मशिनींना ठीक आहे, पण एक अडकली की मागची सगळी रांग खोळंबते, म्हणून तो विषय सोडतो.

एसएनएमपी १९८८ पासूनचं, आणि स्विच, प्रिंटर, नेटवर्कवाले यूपीएस सगळ्यांना येतं, ही त्याची खरी ताकद. मला नडलं ते वेगळंच.

मागच्या पावसाळ्यात सांवेर रोडच्या एका क्लायंटचा फोन आला, बिलिंग अडकतंय म्हणून. मी साउथ तुकोगंजमधून व्हीपीएनवरून एसएनएमपीनं १.३.६.१.२.१.१.३.० विचारलं (त्यात प्रत्येक माहितीला असा नंबर असतो, हा 'किती वेळ चालू आहे' याचा), उत्तर आलं ११ मिनिटं. मला वाटलं लाइट गेली, यूपीएसनं दगा दिला, मशीन रीस्टार्ट झालं, म्हणून नवी बॅटरी गाडीवर बांधली आणि भर पावसात निघालो. तिथे जाऊन अपटाइम, म्हणजे मशीन किती वेळ चालू आहे ते सांगणारी कमांड, टाइप करतो तर ४३ दिवस! मशीन बंद पडलंच नव्हतं, डिस्क भरली होती, आणि अपडेटनं फक्त एसएनएमपीची सर्व्हिस रीस्टार्ट केली होती. तो नंबर त्या सर्व्हिसचं वय सांगतो, मशीनचं नाही, मशीनचं हवं तर १.३.६.१.२.१.२५.१.१.० विचारायचं. स्टँडर्डमध्ये हे लिहिलेलंच आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणणार नाही, पण क्लायंट फोनवर असताना हे दोन आकडे वेगळे लक्षात ठेवणं मला तरी जमत नाही.

नोड एक्सपोर्टरला मोबाइलच्या ब्राउझरमधून ९१०० पोर्टवर विचारलं की ओळच येते, 'नोड बूट टाइम सेकंड्स'. आकडा १९७० पासूनच्या सेकंदांत असतो, आत्ताच्या वेळेतून वजाबाकी आपण करायची, पण कशाचा आकडा आहे हे नावातच आलं. डिस्कमध्ये किती जागा उरली तेही त्याच पानावर, आणि त्या दिवशी मला नेमकं तेच हवं होतं. हे आकडे गोळा करून साठवणारं प्रोमिथियस नंतर बसवा, नुसत्या पानावरही काम भागतं.

त्याचेही त्रास आहेत. पान लांबलचक, शोधावं लागतं. आणि आपणहून पासवर्ड मागत नाही, त्यामुळे फायरवॉलमधून फक्त आपल्याच आयपीला आत सोडा. एसएनएमपीची व्हर्जन ३ या बाबतीत बरी, पण व्हर्जन २ वर 'पब्लिक' हाच सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड ठेवून बसणारे खूप बघितलेत, त्यात सुरक्षा कसली.

तुमच्याकडे स्विच-प्रिंटरच जास्त असतील तर एसएनएमपीशिवाय सोय नाही, मीही तेवढ्यासाठी ठेवलंय. कॉम्प्युटरांना मात्र मी आता एक्सपोर्टरनंच विचारतो. फक्त आयपी नीट बघा, बरेच प्रिंटर छपाईचं काम ९१०० वरच घेतात, आणि चुकून तिथे विचारलं तर तुमची रिक्वेस्टच कागदावर छापून येते.