प्रिसिजन उचलू की जॅझ?

राजारामपुरीत दोन सेकंडहँड बेस गिटार विकायला आहेत, एक प्रिसिजन, एक जॅझ, आणि तू विचारतोस, कुठला घेऊ? भावा, ऑर्केस्ट्रात वाजवणार असशील तर प्रिसिजन. १९५१ पासूनचं हे फेंडर कंपनीचं मॉडेल. पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारा चुंबकी भाग, एकच, दोन तुकड्यांत. आवाजही एकच, पण दणकट. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळे तुटून पडले तरी खालून धरून ठेवतो.

१९६० साली आलेल्या फेंडरच्याच जॅझ मॉडेलला दोन पिकअप. मागचा वाढवला की सूर नाकात बोलतो, बोटांची हालचाल स्वच्छ ऐकू येते. चूकसुद्धा! नटजवळ, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात तिथं, मान दीड इंच रुंद, लहान पंजाला सोपी. खोड एकच: एकटा पिकअप चालू ठेवला की गुणगुण, दोन्ही पूर्ण उघडले की बहुतेक बेस गप्प होतात. गणपतीत लायटिंगच्या डिमरशेजारी उभं राहून ती गुणगुण मी दोन तास सोसलीय.

कुठलाही घे, आधी मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघ. नॉब खरखरला तर घाबरू नको, क्लीनरनं जातं. भाव पाडायला उपयोगी पडतं. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक नीट करायची आतली सळई, मात्र स्वतः फिरवून बघ. फिरतच नसेल तर चहा पिऊन रिकाम्या हातानं परत ये.