जुना मेटल डिटेक्टर दुरुस्तीला घेताना: बीएफओ, टीआर की व्हीएलएफ?

जुना मेटल डिटेक्टर हाती आला की बहुतेक जण आधी पेटीचे स्क्रू काढतात. माझ्या मते पाहणीची सुरुवात दांड्याच्या टोकाच्या कॉइलपासून, म्हणजे धातू हुडकणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापासून व्हावी. पेटीतले कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर यांना आजही पर्याय मिळतात. पण कारखान्यात जुळवून रेझिनमध्ये कायमची ओतलेली कॉइल बिघडली, तर तेवढ्यावरच बहुधा दुरुस्ती अडते. बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर), टीआर (ट्रान्समिट-रिसीव्ह) आणि व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) या १९६० आणि १९७० च्या दशकांत प्रचलित असलेल्या तीन प्रकारांपैकी कोणता घ्यावा, हे ठरवताना म्हणूनच प्रत्येकाची कॉइल कशी आहे हे आधी समजून घेतलेले बरे.

बीएफओ हा तिघांत सर्वांत सोपा प्रकार आहे. त्यात दोन ऑसिलेटर, म्हणजे विद्युत कंपने निर्माण करणारी सर्किटे, असतात: एकाची वारंवारता शोधकॉइल ठरवते, दुसऱ्याची स्थिर ठेवलेली असते आणि दोघांतील फरक स्वर म्हणून ऐकू येतो. एक १०० किलोहर्ट्झवर आणि दुसरा १००.५ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर हेडफोनमध्ये ५०० हर्ट्झचा स्वर येतो. स्वरच येत नसेल तर मिडियम वेव्हचा रेडिओ कॉइलला अगदी लागून धरावा आणि ट्यूनिंग सावकाश फिरवावे. ६००, ७०० किलोहर्ट्झ अशा १०० च्या पटींवर रेडिओची खरखर एकाएकी दबली, किंवा एखाद्या केंद्रावर शीळ उमटली, तर शोधऑसिलेटर जिवंत आहे आणि दोष दुसऱ्या ऑसिलेटरमध्ये, दोन्ही कंपने एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्ये किंवा ध्वनिवर्धकात शोधावा, असे समजण्यास हरकत नाही.

स्वर सतत सरकत असेल, तर ऑसिलेटरमधील कपॅसिटरकडे लक्ष द्यावे. तेथे पॉलिस्टायरीनचा कपॅसिटर असल्यास बदली म्हणून त्याच जातीचा किंवा तापमानाने न बदलणारा एनपी-० सिरॅमिक घ्यावा. साधा सिरॅमिक लावला, तर उन्हात नेताच स्वर पुन्हा भरकटतो. पॉलिस्टायरीन सोल्डरच्या उष्णतेने वितळते आणि काही द्रावकांनी विरघळते, त्यामुळे त्याचा पाय चिमट्यात धरूनच टाका द्यावा. बीएफओची कॉइल एकच आणि साधी असल्याने ती तुटली तरी नव्याने गुंडाळता येते. यंत्र म्हणून मात्र त्याची खोली तोकडी असते आणि खनिजयुक्त जमिनीवर ते फारसे उपयोगी पडत नाही.

टीआर प्रकारात प्रक्षेपण आणि ग्रहण यांच्या दोन वेगळ्या कॉइल अशा बसवलेल्या असतात की धातू जवळ नसताना ग्रहणकॉइलमध्ये जवळजवळ काहीच उमटत नाही. हे तत्त्व बरेच जुने आहे: १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा जो अयशस्वी प्रयत्न केला, त्यामागेही प्रेरणेचे असेच संतुलन होते. दुरुस्तीच्या दृष्टीने अडचण इथेच आहे. कवच तडकून आत शिरलेले पाणी मंद उष्णतेने सुकवता येते, परंतु एखादे वेटोळे मिलिमीटरभर जरी जागचे हलले तरी संतुलन बिघडते आणि यंत्र एक तर सतत ओरडते किंवा बहिरे होते. ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) हाताशी नसेल, तर अशी कॉइल पुन्हा जुळवण्याच्या फंदात पडू नये. शिवाय कॉइल जमिनीपासून सारख्याच उंचीवर ठेवावी लागते. इतक्या कष्टांनंतर मिळणारे फळ पाहता, टीआर मी केवळ संग्रहासाठीच घेईन.

व्हीएलएफमध्येही संतुलित कॉइलच असते आणि तिचा धोकाही तोच असतो, पण येथे श्रमांचे चीज होते. ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी वारंवारता आणि जमिनीचा परिणाम वजा करणारे नियंत्रण (ग्राउंड बॅलन्स) यांमुळे सुस्थितीतील जुने व्हीएलएफ यंत्र आजही खरोखर वापरता येते. धातुरहित जमिनीवर कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्सची घुंडी फिरवावी. एका टप्प्यावर स्वर बदलायचा थांबला, तर कॉइल आणि मुख्य सर्किट ठीक असण्याची शक्यता चांगली आहे. घुंडी टोकापर्यंत नेऊनही तो टप्पा सापडत नसेल, तर कॉइलची कला (फेज) सरकलेली असू शकते किंवा एखाद्या कपॅसिटरचे मूल्य बदललेले असू शकते. यांपैकी कपॅसिटर बदलता येतो.

या तिघांखेरीज पल्स इंडक्शन हा प्रकारही आहे, जो कॉइलमध्ये विजेचे तुटक स्पंद सोडतो. त्याची कॉइल बीएफओप्रमाणे साधी असते, मात्र प्रत्येक स्पंदाच्या शेवटी तिच्यावर शेकडो व्होल्टचा झटका उसळतो. पहिल्याच दुरुस्तीसाठी हा प्रकार घेऊ नये.

काही दोष सर्वच प्रकारांत सारखे आढळतात. अल्कलाइन बॅटरी गळाली असेल, तर पांढरा थर सौम्य व्हिनेगरने पुसावा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा कोरडी करावी. अशा वेळी बॅटरीची तार वरून धडधाकट दिसली तरी वेष्टनाच्या आत अनेकदा काळी पडलेली असते आणि तिच्यावर सोल्डर चिकटत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत ती कापत जावी किंवा सरळ नवी घालावी. ९ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटरींपैकी काहींचे प्रत्यक्ष व्होल्टेज ७.२ किंवा ८.४ एवढेच असते, त्यामुळे दोष नसलेले यंत्रही मलूल वाटू शकते.

विकत घेण्याआधी शक्य असल्यास प्लग काढून मल्टिमीटरने प्रत्येक वेटोळ्याचा रोध मोजावा आणि मोजतानाच केबल दोन ठिकाणी वाकवून पाहावी: प्लगच्या मुळाशी आणि कॉइलमध्ये शिरते तेथे. प्लगपाशी आकडा उड्या मारत असेल तर काम अर्ध्या तासाचे आहे, किंमत पाडून यंत्र घ्यावे. कॉइलच्या तोंडाशी उड्या मारत असेल तर बीएफओ खुशाल घ्यावा, व्हीएलएफ मात्र त्याच जोडणीची दुसरी कॉइल मिळण्याची खात्री झाल्यावरच घ्यावा.