चित्रातलं कुंपण सहा फुटी, अंगणातलं साडेचार

"ताई, तुमचंच अंगण आहे, नीट बघा," म्हणत कुंपणाच्या कामासाठी बोलावलेल्या सुताराने फोन माझ्यापुढे धरला. पाच मिनिटांपूर्वीच त्याने मागच्या अंगणाचा फोटो काढला होता आणि आता त्याच फोटोत मधाच्या रंगाचं, उंच लाकडी कुंपण उभं होतं. एआयची करामत. उंची तोंडी सांगितली, सहा फूट. मी तिथेच भुलले, संध्याकाळी निम्मी रक्कम देऊन मोकळी. त्याने टेप खिशातून बाहेरसुद्धा काढली नव्हती.

कोटेशनमध्ये कामाचं वर्णन एका ओळीत: 'कुंपण, चित्राप्रमाणे'. लाकूड कुठलं, खांब किती खोल, काही नाही. मीही विचारलं नाही.

उभं राहिलं ते साडेचार फुटी. आमचं अंगण मागे उतरत जातं; चित्रात जमीन सपाट, उतार पार पुसलेला. उतारावर कुंपण पायरी-पायरीने न्यावं लागतं, नाहीतर फळ्या जमिनीच्या कलाने कापाव्या लागतात. त्याने वरची कड सरळ ठेवली आणि हात झटकले. टोकाला खाली एवढी फट, की कुत्रं आरामात ये-जा करतं. कोपऱ्यातला खांब हलत होता म्हणून उकरून पाहिलं, तर जेमतेम फूटभर आत. एवढ्या कुंपणाला निदान दोन फूट तरी हवेत.

विचारलं तर म्हणाला, "ताई, चित्र फक्त अंदाज यावा म्हणून होतं." उरलेले पैसे मी दिले नाहीत. दिलेले गेले. आता फोन उचलत नाही.

मग तेच चित्र मोठं करून पाहिलं. फाटकाला दोन्ही बाजूंनी बिजागऱ्या! झाडाची सावली उजवीकडे, खांबाची डावीकडे. तीन फळ्या वर जाता जाता एकमेकींत विरघळलेल्या. मूळ फोटो मी स्वतः एका अ‍ॅपमध्ये तीनदा घातला, तर तिन्ही वेळा वेगळ्या उंचीचं कुंपण. त्याला आपल्या अंगणाचं माप ठाऊकच नसतं, शोभेल ते रंगवतं. रंग आणि ढब ठरवायला मी अजूनही वापरेन, पण तेवढ्यालाच.

दुसऱ्या सुताराला चित्र दाखवलं. त्याने एकदा फोनकडे, एकदा अंगणाकडे पाहिलं. "आणि हा नळ कुठे गेला?" कोपऱ्यातला पाण्याचा नळ चित्रात नव्हताच, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्याने खुंट्या ठोकून दोरी बांधली, उतार मोजला. कागदावर उंची, दोन खांबांतलं अंतर, खोली, लाकडाची जाडी, फाटक कुठल्या बाजूला उघडणार, सगळं लिहिलं. खाली दोघांच्या सह्या. पैसे तीन हप्त्यांत: सामान उतरल्यावर, खांब गाडल्यावर आणि फाटक बसल्यावर. पहिला हप्ता काल दिला, फळ्यांची जाडी मोजून.