रिकाम्या संगणकांची कुस्ती : बॉइंकवरील सांघिक स्पर्धांचा सांगलीतून घेतलेला अनुभव

गेल्या दोन वर्षांत आमच्या पाच जणांच्या संघाने, रिकाम्या संगणकांकडून संशोधनाची गणिते सोडवून घेणाऱ्या बॉइंक या प्रणालीवरील सांघिक स्पर्धांमध्ये आठ वेळा भाग घेतला, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. मी विश्रामबागेत राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. संघातील एकाची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, एकाचे मिरजेत औषधांचे दुकान आहे, एक तासगावचे निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि पाचवा माझा पुण्यातील भाचा. पाच जणांचे मिळून सात संगणक. या स्पर्धांच्या जगात सात संगणक म्हणजे काहीच नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझ्या कौतुकाचे आणि तक्रारीचे मूळ त्यातच आहे.

बॉइंक हे अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर आहे. आपला संगणक रिकामा असताना एखाद्या संशोधन प्रकल्पाचे गणिताचे तुकडे उतरवून घेणे, ते सोडवणे आणि उत्तर परत पाठवणे एवढेच त्याचे काम. परग्रहांवरील संदेशांचा शोध घेणारा सेटी ॲट होम हा प्रकल्प 17 मे 1999 रोजी सुरू झाला, त्याने 31 मार्च 2020 पासून नवे काम वाटणे थांबवले, आणि त्यामुळे हा सगळा प्रकारच संपला अशी अनेकांची समजूत झाली. ती चुकीची आहे. आइन्स्टाइन ॲट होम, रोझेटा ॲट होम, प्राइमग्रिड असे प्रकल्प त्यानंतरही चालू राहिले. स्वयंसेवकांच्या संगणकांनी दुर्बिणीच्या नोंदींतून नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक अंतराने स्पंदने पाठवणारा ताऱ्याचा अवशेष, शोधल्याचे उदाहरण 2010 सालचे आहे, आणि ते आइन्स्टाइन ॲट होमचेच.

केलेल्या कामाबद्दल गुण मिळतात. या गुणाला कॉबलस्टोन म्हणतात, आणि सेकंदाला एक अब्ज आकडेमोडी करणाऱ्या संगणकाला दिवसाला 200 गुण असे त्याचे मूळ माप आहे. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकल्प आपापल्या हाताने गुण वाढतो, काही सढळ, काही चिकट. त्यामुळे दोन प्रकल्पांतील गुणांची तुलना करणे म्हणजे आठवडा बाजारात दोन वेगवेगळ्या तराजूंवर तोललेल्या मालाचा भाव ठरवण्यासारखे आहे. स्पर्धा खऱ्या अर्थाने रंगते ती एकाच प्रकल्पावर आणि ठरावीक मुदतीत.

म्हणून प्रथम प्राइमग्रिडविषयी. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारा हा प्रकल्प वर्षभरात अनेक स्पर्धा घेतो, त्यांचे वेळापत्रक आगाऊ जाहीर होते आणि प्रत्येक स्पर्धेची मुदत तीन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत असते. त्याचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो : स्पर्धा सुरू झाल्यानंतर उतरवलेले आणि संपण्यापूर्वी परत पाठवलेले कामच मोजले जाते. आधी साठवून ठेवलेल्या मालाला येथे किंमत नाही. सर्वांचा शड्डू एकाच वेळी घुमतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री सुरू होणारी स्पर्धा आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि त्या वेळी दूध तापत ठेवून संगणकाचे काम चालू करणारे तासगावचे आमचे काका अजून एकदाही उशिरा आलेले नाहीत.

काम म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला आनंद होतो. एखाद्या विषम संख्येला 2 च्या फार मोठ्या घाताने गुणून त्यात 1 मिळवायचा आणि येणारी संख्या मूळ आहे की नाही ते तपासायचे. याच मार्गाने प्राइमग्रिडला 2016 साली 10223 गुणिले 2 चा 31172165 वा घात अधिक 1 ही मूळ संख्या सापडली. ती लिहायला 93 लाख 83 हजार 761 अंक लागतात. तिचे महत्त्व केवळ आकारात नाही. 78557 या संख्येला 2 च्या कोणत्याही घाताने गुणून 1 मिळवला तरी मूळ संख्या मिळत नाही, हे 1962 साली सिद्ध झाले. परंतु असा गुणधर्म असणारी तीच सर्वांत लहान संख्या आहे का, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे. 10223 ही संशयितांपैकी एक होती आणि त्या एका शोधाने ती यादीतून बाद झाली. आता 21181, 22699, 24737, 55459 आणि 67607 या पाचच उरल्या आहेत. आमच्या सात संगणकांना आजवर एकही मोठी मूळ संख्या सापडलेली नाही, आणि ‘ही संख्या मूळ नाही’ एवढेच उत्तर आम्ही शेकडो वेळा पाठवले आहे. तरीही शोधाच्या दृष्टीने ते उत्तर वाया जात नाही, कारण तेवढी जागा तपासून झालेली असते.

आता चुरशीविषयी. या भागातील कुस्तीची मैदाने पाहिलेल्यांना ‘जोड’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तोलामोलाचे दोन पैलवान निवडून त्यांची जोड लावली नाही, तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि पाहणाऱ्यांची निराशा होते. प्राइमग्रिडच्या गुणतक्त्यात अशी जोड कोणी लावून देत नाही. ज्यांच्याकडे शेकडो गाभ्यांची (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे आकडेमोड करणाऱ्या भागांची) यंत्रे आहेत ते मोठे युरोपीय व अमेरिकी संघ आणि आम्ही एकाच यादीत असतो. पहिल्या दिवशी आम्ही पहिल्या क्रमांकाकडे पाहिले आणि हसलो. दुसऱ्या दिवशी आमच्या लगेच वर असलेल्या संघाकडे पाहिले, आणि तेथून खरी स्पर्धा सुरू झाली. तो एक लहानसा परदेशी संघ होता. त्यांचे दोन संगणक रात्री बंद होत असावेत, कारण आपल्याकडची सकाळ झाली की आमचे अंतर कमी झालेले दिसे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या पुढे गेलो, रात्री ते आमच्या पुढे गेले, आणि त्या रात्री मिरजेच्या मित्राने दुकानातील बिलिंगचा संगणकही कामाला लावला. आम्ही हरलो. परंतु एरवी महिनोन्महिने एकमेकांना फोन न करणारे आम्ही पाच जण त्या तीन दिवसांत जितके बोललो, तितके वर्षभरात बोललो नव्हतो.

दर वर्षी मे महिन्यात होणारी बॉइंक पेंटॅथलॉन ही सर्वांत गाजलेली स्पर्धा आहे. सेटी जर्मनी हा संघ तिचे आयोजन करतो. पाच निरनिराळ्या प्रकल्पांवर पाच प्रकार खेळले जातात, मॅरेथॉन पूर्ण 14 दिवस चालते, आणि वर सांगितलेली तराजूंची अडचण टाळण्यासाठी प्रत्येक प्रकारात क्रमांकानुसार गुण दिले जातात. कल्पना उत्तम आहे. कोणता प्रकार कोणत्या प्रकल्पावर होणार हे थोडेच दिवस आधी कळत असल्याने डावपेचांना वाव राहतो, आणि अनेकांना तेच आवडते. मला आवडले नाही. येथे काम आधीच उतरवून, सोडवून, संगणकाचे जाळ्याशी असलेले नाते तोडून ते दडवून ठेवायचे आणि मोक्याच्या क्षणी सगळे एकदम पाठवायचे, ही रीत सर्रास चालते. गुणतक्ता त्यामुळे बघता बघता उलटतो आणि थरार वाढतो, हे खरे. पण ज्या संशोधकासाठी हे काम करायचे त्याला उत्तर उशिरा मिळते, आणि एकदम आलेल्या लोंढ्याने प्रकल्पाच्या सर्व्हरवर ताण येतो. साठेबाजीच्या विरोधात वर्गात बोलणाऱ्या माणसाने रात्री घरी बसून उत्तरांची साठेबाजी करावी, हे मला तरी जमले नाही.

त्यातही मे महिना म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. प्राइमग्रिडसारखे काम प्रोसेसरकडून पूर्ण ताकदीने करून घेते, आणि घरातील एरवीच्या वापरात कधी न जाणवणारे दोष तेव्हा उघडे पडतात. अडतीवरच्या संगणकाचे काम वारंवार चुकत होते. तो उघडला तेव्हा पंख्यावर आणि त्याखालच्या पन्हाळींवर हळदीच्या भुकटीचा पिवळा थर बसलेला दिसला. दोष प्रणालीचा नव्हता, आमच्या बाजारपेठेचा होता. वळवाच्या पावसात वीज जाते ती वेगळीच. काम मधूनमधून जतन होत असल्याने नुकसान सहसा काही मिनिटांचेच असते, पण ऐन स्पर्धेत दोन तास अंधारात बसल्यावर ते मनाला पटत नाही.

खर्चाचा हिशेबही सांगायला हवा. पूर्ण ताणाखाली माझा संगणक दीडशे वॅटच्या आसपास वीज घेतो. तीन दिवस म्हणजे 72 तास, म्हणजे जवळपास 11 युनिट. आकडा लहान आहे. मात्र मासिक वापर वरच्या टप्प्यात गेला की दर वाढतो, आणि चौदा दिवसांच्या मॅरेथॉनमध्ये हाच आकडा पन्नासच्या घरात जातो. बिल आल्यावर घरात जी चर्चा झाली तिचा तपशील येथे देत नाही. ज्यांना एवढाही भार नको असेल त्यांनी मोबाइलवर बॉइंक चालवून पाहावे. ते मूळ मांडणीत फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच काम करते. स्पर्धेच्या दृष्टीने मात्र त्याचा उपयोग नगण्य आहे.

जोडीचा प्रश्न सोडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न मला फॉर्म्युला बॉइंक या वर्षभर चालणाऱ्या स्पर्धेत दिसला. तेथे संघांची ताकदीनुसार वेगवेगळ्या लीगमध्ये विभागणी होते, मोटारशर्यतीप्रमाणे क्रमांकावर गुण मिळतात आणि अधूनमधून तीन दिवसांच्या छोट्या शर्यती होतात. लहान संघाला लहान संघाशीच झुंजावे लागते, आणि वर चढण्याची आशा खरी असते. तिचे निकालपत्रक पहिल्या भेटीत समजत नाही, ही माझी एकमेव तक्रार आहे. आमच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ते दोन दिवस बसून उलगडले तेव्हा कुठे आम्ही किती पाण्यात आहोत हे कळले.

सातारा-सांगलीकडचे कोणी सुरुवात करणार असतील, तर त्यांनी दिवाळीनंतरच्या थंडीत प्राइमग्रिडची तीन दिवसांची स्पर्धा निवडावी, आणि संघात स्पर्धेपूर्वीच दाखल व्हावे, कारण दाखल होण्याआधी मिळवलेले गुण संघाकडे येत नाहीत. संघाचे सदस्यत्व प्रत्येक प्रकल्पात स्वतंत्रपणे घ्यावे लागते. पुण्याचा भाचा पहिल्या स्पर्धेत हे विसरला आणि त्याचे दीड दिवसाचे काम कोणत्याच संघाच्या नावावर जमा झाले नाही. तुलनेने मोठ्या कामांसाठी एकाच वेळी चार कामे लावण्याऐवजी सर्व गाभे एकाच कामाला जुंपावेत, म्हणजे उत्तर लवकर जाते आणि मूळ संख्या सापडलीच तर पहिला शोधक ठरण्याची शक्यता वाढते. मुदत संपताना जे काम पुरे होणार नसेल ते तसेच टाकून देऊ नये. एक तर नंतर पूर्ण करावे, नाही तर रीतसर रद्द करावे, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या संगणकाकडे लगेच जाते.