सात महिने, सात नळ्या आणि कॉटनचा कागद: कोल्हापूरच्या हवेत जलरंग वापरल्यानंतर

जूनच्या सुरुवातीला उघडलेला संच डिसेंबरअखेरपर्यंत वापरून झाल्यावर हे लिहितोय. कागद शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्डप्रेस म्हणजे खडबडीत पोताचा: ५६ × ७६ सेंमीचे पूर्ण ताव, एका तावाचे आठ तुकडे करून, शिवाय ए४ आकाराचा एक ब्लॉक. आर्टिस्ट दर्जाच्या ५ मिलीच्या सात नळ्या. ४, ८ आणि १२ नंबरचे सिंथेटिक गोल ब्रश, खारीच्या केसांच्या धर्तीचा सिंथेटिक मॉप (जाड, मऊ ब्रश), एक रिगर (लांब, बारीक केसांचा ब्रश) आणि कागदाचा भाग पांढरा राखायला लावायच्या मास्किंग फ्लुइडची बाटली. विषय तीनच ठेवले: फुलं, जनावरं, चेहरे. साठेक चित्रं झाली, त्यातली वीस तरी दाखवण्यासारखी नाहीत.

निकाल आधीच सांगतो. बजेट तुटपुंजं असेल तर रंगांची संख्या कमी करा, ब्रश दोनच घ्या, पण कागदात काटकसर करू नका. बाजारात चोवीस रंगांचा डबा आणि लाकडाच्या लगद्याचं पॅड असा जोड सर्रास विकला जातो, आणि मग ‘मला वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) जमत नाही’ म्हणून माणूस सोडून देतो. त्याचा हात ठीक असतो, कागदच साथ देत नाही. कॉटनचा कागद पाणी आत ओढून हळूहळू सोडतो, त्यामुळे रंग पसरवायला, टोकाला दुसरी छटा सोडायला वेळ मिळतो. लगद्याच्या कागदावर पाणी वर तरंगतं, एकीकडे सुकतं आणि दुसरीकडे डबकं राहतं. दुसरा थर दिला की खालचा उठून येतो. कॉटन तिपटीहून महाग पडतो हे खरं, पण पाठीमागची बाजूही वापरता येते. सरावाला पाठ, चित्राला पुढची बाजू.

आता पावसाळ्याचं. कोल्हापुरात जुलैत भिजवलेला तुकडा बंद खोलीत पाऊण तास ओलसर राहत होता, नोव्हेंबरात तोच पंधरा-वीस मिनिटांत सुकला. त्यामुळे ‘पाच मिनिटं थांबा आणि पुढचा थर द्या’ असल्या सूचनांना इथे अर्थ नाही. घड्याळाऐवजी चकाकी बघायची. कागद तिरका धरून प्रकाशात पाहिला की आधी पाण्याचा आरसा दिसतो, मग रेशमी चमक, मग मंदपणा. आरसा असताना सोडलेला रंग धावतो, रेशमी चमकेवर सोडलेला मऊ कडा ठेवून थांबतो, आणि मंदपणा आल्यावर ओला ब्रश लावलात तर फुलकोबीसारखा दातेरी डाग उठलाच म्हणून समजा. कारण साधं आहे: जास्त ओल्या ब्रशचं पाणी कमी ओल्या भागात घुसतं, वाटेतले रंगकण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे दातेरी कड सोडतं. शेवटची खात्री तळहाताच्या पाठीने करायची. कागद गार लागला तर आत ओल आहे, वरून कितीही कोरडा दिसो.

ड्रायर वापरायचाच तर चमक गेल्यावर, हातभर अंतरावरून. आधी लावला की वाऱ्याने रंग ढकलला जाऊन वर्तुळं पडतात.

ब्लॉकबद्दल मात्र तक्रार आहे. पानं चारही बाजूंनी चिकटवलेली असल्यामुळे, सुरकुत्या पडू नयेत म्हणून कागद भिजवून बोर्डावर ताणायची कटकट नाही ही जाहिरात उन्हाळ्यापुरती खरी. पावसाळ्यात वरच्या पानाची ओल खालच्या पानात उतरली, आणि पुढच्या चित्रात वॉश देताच गडद ठिपके उमटले. ते ठिपके कोरड्या कागदावर दिसत नाहीत. कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी धरून ठेवणारा सरसाचा लेप, ज्या जागी ओलीने मरतो तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो. तपासायचं असेल तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवा. फुगून उभा राहिला तर ठीक, लगेच मुरला तर तो तुकडा पेन्सिलीच्या कामाला. ऑगस्टपासून सुटे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह सपाट ठेवले, त्यांना काही झालं नाही. ताणायचं तर पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून, बोर्डावर ब्राऊन गमटेपने. लहान तुकड्याला चार बाजूंनी क्लिपा पुरतात.

रंग सात: लिंबू पिवळा (पीवाय ३), यलो ऑकर (पीवाय ४३), बर्न्ट सिएना (पीबीआर ७), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९), पायरोल स्कार्लेट (पीआर २५५), अल्ट्रामरीन (पीबी २९), थॅलो ब्लू (पीबी १५). नळीवरचं नाव कंपनीगणिक बदलतं, कंसातला रंगद्रव्याचा कोड बदलत नाही, म्हणून खरेदी कोड बघून करावी. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) मुद्दाम टाळला, उन्हात तो उडतो. झगझगीत गुलाबी रंगांची तीच गत. शंका असेल तर कागदाच्या पट्टीवर रंगाचा पट्टा ओढा, अर्धा काळ्या कागदाने झाका आणि पट्टी खिडकीला चिकटवून तीन महिने विसरून जा. काळा आणि पांढरा रंग घेतलाच नाही, आणि सात महिन्यांत अडलंही नाही.

पॅलेटमध्ये काढून वाळवलेल्या रंगांना जुलैत बुरशी आली. मधाचं किंवा ग्लिसरिनचं प्रमाण जास्त असलेले रंग तर चिकटच राहतात. काम झालं की पॅलेट उघडं ठेवून पंख्याखाली पूर्ण सुकवायचं, मगच झाकण. पावसाळ्यात नळीतून रोज हरभऱ्याएवढाच रंग काढणं हे सगळ्यात सोपं.

फुलांकडे येतो. कागदाच्या ओलेपणाची खरी परीक्षा इथेच होते, आणि त्यासाठी दारातल्या लाल जास्वंदीसारखं मॉडेल नाही. पाच पाकळ्या एकाच वेळी भिजवू नका. पहिली, तिसरी घ्या, ती सुकल्यावर दुसरी, चौथी, शेवटी पाचवी. शेजारच्या दोन ओल्या राहिल्या की एकमेकींत वाहतात आणि फुलाचा लाल गोळा होतो. एका पाकळीची कृती अशी: ८ नंबरने नुसतं पाणी, पण कडेपासून केसभर आत. चमक रेशमी झाली की कडेकडून स्कार्लेट, देठाकडून रोझ, मधला भाग मोकळा. दोन्ही रंग आपोआप मध्यभागी भेटतात, ब्रशने घोळायचं नाही. मग ४ नंबर स्वच्छ धुऊन, फडक्याला टिपून, ओलसर टोकाने शिरा उचलायच्या. प्रत्येक ओढीनंतर ब्रश पुन्हा टिपायचा, नाहीतर उचललेला रंग परत तिथेच बसतो. देठाजवळचा गर्द भाग सगळं सुकल्यावर रोझमध्ये अल्ट्रामरीनचा ठिपका घालून. तिथे हिरवा मिसळला तर गर्द होण्याऐवजी तपकिरी मेलेला रंग येतो. पुंकेसराचा दांडा आणि परागांचे ठिपके आधीच मास्किंग फ्लुइडने झाकून ठेवलेले बरे.

हे मास्किंग फ्लुइड मात्र जपून. ते द्रवरूप रबर असतं. ब्रश आधी साबणाच्या फेसात बुडवला नाही तर केस जन्माचे चिकटले, तेव्हा जुना ब्रश किंवा टाक घ्या. बाटली हलवायची नाही, बुडबुडे धरतात. लावलेलं एक-दोन दिवसांत काढायचं, ड्रायरची गरम हवा त्यावर मारायची नाही, आणि कागद आतून ओला असताना ओढायचं नाही. ओढलंत तर वरचा पापुद्रा सुटतो, मग त्या जागी रंग कायम घाण दिसतो. माझ्या मते महिन्याला दोन चित्रांपेक्षा जास्त वेळा ते लागत असेल तर पांढरं राखून ठेवण्याची सवयच झालेली नाही.

मोगरा, तगर यांत फूल रंगवायचं नसतंच, मागची पानं रंगवायची. पाकळीच्या आतली सावली अल्ट्रामरीनचं पाणी आणि त्यात ऑकरचा अंश, इतकी पातळ की पॅलेटमध्ये वाटावं काहीच नाही. झेंडूत मोह होतो एकेक पाकळी काढायचा. करू नका. पिवळा-केशरी गोळा, कडेला दातेरी, मध्ये बर्न्ट सिएनाचे आठ-दहा कोपरे, झालं. पिवळ्याची सावली जांभळ्याने करायचा सल्ला ऐकून सुरुवातीला चार झेंडू चिखलात गेले.

जनावरांत कोल्हापूरकराने म्हशीपासूनच सुरुवात करावी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर किंवा दिवाळीच्या पाडव्याला सजवून आणलेल्या म्हशी नीट बघा: पाठीवर आकाश दिसतं, पोटाखाली जमिनीचा तांबूस उजेड, काळं असं फार थोडं. म्हणून पहिला थर काळा नाहीच. १२ नंबर किंवा मॉपने अख्ख्या अंगावर अल्ट्रामरीनचा पातळ वॉश, पोटाकडे बर्न्ट सिएना सोडलेला, पाठीचा आणि पुठ्ठ्याचा चमकणारा पट्टा कोरा कागद. सुकल्यावर दुसरा थर, अल्ट्रामरीन तीन भाग, बर्न्ट सिएना दोन भाग, दाटपणा पांढऱ्या रश्श्याइतका. तो भरताना निळा वाढवला तर थंड, सिएना वाढवला तर उबदार काळा मिळतो, आणि एकाच अंगावर दोन्ही हवेत. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसून रवाळ पोत देतात. म्हशीच्या कातडीला तो फुकटचा फायदा. थॅलो ब्लू तिथे वापरून पाहिला: काळा गर्द मिळाला, पण गुळगुळीत, प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा. शिवाय तो कागदात असा रुततो की उचलून उजेड काढता येत नाही.

तिसरा थर फक्त सगळ्यात गर्द जागी: मानेखालची वळी, कानाचा आतला भाग, नाकपुड्या, मागच्या पायांमधली सावली. शिंगं कोरड्या ब्रशने. ब्रशमध्ये रंग दाट, पाणी जवळजवळ नाही, आडवा धरून शिंगाच्या वळणाने एकदाच ओढायचा. कोल्डप्रेसच्या उंचवट्यांवर रंग लागतो, खळगे पांढरे राहतात. दुसऱ्यांदा ओढला की मजा गेली. लगद्याच्या गुळगुळीत कागदावर हे होतच नाही, सपाट पट्टा येतो.

कुत्र्या-मांजराच्या केसांबाबत एकच: केस सगळीकडे काढायचे नाहीत. जिथे अंग वळतं तिथे, म्हणजे कानाच्या कडेला, गालाच्या खाली, छातीवर. बाकी अंग ओल्या कागदावर ओल्या रंगाने. मिशा रिगरने, मनगट न टेकवता, मुळाकडून टोकाकडे झटक्यात. डोळा सर्वांत आधी पूर्ण करावा. तो बिघडला तर अर्ध्या तासात कळतं आणि अख्खा कागद वाया जात नाही.

चेहऱ्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. इथे कागदाने किती थर झेलले हेच महत्त्वाचं. या कॉटनवर पाच-सहा थर बसले, लगद्याच्या पॅडवर तिसऱ्यालाच पापुद्रे निघाले.

आपल्या सावळ्या कातडीसाठी ‘स्किन टिंट’ नावाची गुलाबी नळी कामाची नाही. ऑकर, रोझ आणि बर्न्ट सिएना पुरतात. उदाहरणाला तांबडा फेटा बांधलेला, उन्हात राबणारा म्हातारा घ्या. रेखाटन एचबी पेन्सिलीने, हलकं. खोडरबर घासलात तर कागदाचे तंतू उठतात आणि वॉशमध्ये नेमके गालावर काळपट डाग दिसतात, तेव्हा मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून घ्यायचं. पहिला वॉश कपाळापासून गळ्यापर्यंत सलग, डोळे-ओठ यांच्यावरूनसुद्धा. फक्त नाकाचा शेंडा, खालच्या ओठावरचा ठिपका आणि गालाच्या हाडाचा उजेड कोरा. हा ओला असतानाच कपाळावर ऑकर, नाक-गाल-कान या पट्ट्यात रोझ, दाढीच्या भागात अल्ट्रामरीनचा अंश. कपाळ पिवळसर, मधला भाग तांबूस, हनुवटी निळसर हे पुरुषांच्या चेहऱ्यात फार उपयोगी पडतं. दाट सावळा रंग असेल तर उजेडाच्या जागी आकाशाचा निळा दिसतो, तिथे केशरी चढवायचा नाही.

दुसऱ्या थरात सावलीचे तुकडे: डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, ओठाखाली, फेट्याच्या कडेखालची कपाळावरची सावली. सिएना आणि अल्ट्रामरीन, पहिल्यापेक्षा दुप्पट दाट. जलरंग सुकल्यावर एक पायरी फिकट होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच वाटला पाहिजे. प्रत्येक तुकड्याची एक कड कडक ठेवायची, दुसरी ओल्या ब्रशने विरवायची. सगळ्या कडा विरवल्या की चेहरा मेणाचा होतो, सगळ्या कडक राहिल्या की कातरकाम. कान बघा कधी मागून ऊन असताना: पाळी जवळजवळ स्कार्लेट दिसते. तेवढा एक ठिपका दिला की चेहऱ्यात रक्त येतं. डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं, वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. ते राखाडी केलं नाही तर म्हातारा दचकल्यासारखा दिसतो.

कोल्हापुरात राहून जुनी कामं न बघता हे शिकणं म्हणजे नदीकाठी राहून विहीर खणणं. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय एकदा फक्त सावल्यांच्या कडा बघायला म्हणून फिरून या. कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर रंगवणाऱ्या आबालाल रहिमान यांची चित्रं कुठे बघायला मिळाली तर सोडू नका.

ब्रशांचं थोडक्यात. ८ नंबरचं टोक चार महिन्यांत वाकलं, कारण तो बहुतेक वेळ पाण्याच्या भांड्यात उभा असायचा. त्यानेच केस धरणाऱ्या धातूच्या नळीतला डिंक सुटतो आणि दांड्याचा रंगही तडकतो. १२ अजून टोकदार आहे. मॉप पाणी भरपूर धरतो, पण त्याला स्प्रिंग नाही, बारकाव्याला निरुपयोगी. मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या व्यापाराला बंदी आहे.

सात महिन्यांनंतर नळ्यांचा हिशोब: बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन पूर्ण संपल्या, सिएना तर सप्टेंबरातच. रोझ पाव शिल्लक, ऑकर आणि स्कार्लेट निम्म्या. लिंबू पिवळा जेमतेम वापरला, थॅलो ब्लूच्या नळीला अजून पोट आहे. पुढच्या खरेदीत थॅलो नाही. त्या पैशात दोन बर्न्ट सिएना आणि कागदाचा आणखी एक ताव.