तापात ड्युटीवर जायचं की खाडा करायचा?

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत निम्म्या लोकांच्या अंगात कणकण असते, आणि आमच्याकडं उत्तर ठरलेलं, "काय होतंय त्याला, गोळी घे आणि ये की!" म्हणून दोन्हीकडचा हिशोब मांडतो.

आधी पैसे, कारण खरं दुखणं तिथंच आहे. गेलात तर हजेरी भरते, ओव्हरटाइम मिळतो. राहिलात तर कॉन्ट्रॅक्टरकडच्या माणसाचा रोज सरळ बुडतो. दुकान-ऑफिसवाल्यांनो, 20 किंवा जास्त कामगार असतील तर 2017 च्या कायद्यानं वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा आहेत, मागून घ्या. पगारातनं ईएसआय (कामगार विमा) कापत असेल तर आजारपणात 70 टक्के पगार, वर्षात 91 दिवसांपर्यंत, पण सहसा पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणजे दोन दिवसांच्या तापाला त्याचा उपयोग शून्य. इथवर बघितलं तर जाणारा फायद्यात, हे मान्य.

पण गोळी ताप उतरवते, आजार नाही. फ्लू असेल तर त्रास जाणवायच्या आदल्या दिवसापासून पुढं 5 ते 7 दिवस तुम्ही तो वाटत फिरताय, कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या टेबलावर, आणि मग ज्या सुपरवायझरनं "येच" म्हणून फोन केला त्यालाच पुढच्या आठवड्यात चार माणसं कमी पडतात.

काम कुठलं यावर पण बरंच आहे. फौंड्रीत भट्टीपुढं तापातला माणूस म्हणजे आधीच पाणी कमी, त्यात घाम, चक्कर यायला कितीसा वेळ. लेथ, प्रेसवाल्यांनी सर्दीच्या गोळीची पट्टी उलटी करून बघा, क्लोरफेनिरामाइन लिहिलं असेल तर डोळ्यावर झापड येणार, आणि तशातच रात्रपाळी करून तावडे हॉटेलच्या चौकातून गाडी हाणायची. खानावळीत, मिसळीच्या गाड्यावर असाल आणि जुलाब होत असतील तर विषयच नाही, थांबल्यावर सुद्धा 48 तास घरीच. ऑफिसवाल्याला घरून काम जमत असेल तर मग कशाला नुसता वाद.

नुसती सर्दी, ताप नाही, जीव बरा आहे, तर जावा की, मास्क लावा. ताप असेल तर गोळी न घेता 24 तास ताप नाही असं झाल्यावरच जावा, हे माझं मत.

डेंग्यूचं मात्र वेगळंच आहे, आणि लोक फसतात ते इथंच. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, माणूस म्हणतो बरा झालो आणि डबा घेऊन शिफ्टला जातो, आणि नेमका धोका त्याच वेळी असतो. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यातनं रक्त असं काही दिसलं तर ड्युटी गेली खड्ड्यात, सीपीआर (सरकारी दवाखाना) गाठा. आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाची भीती असते, पॅरासिटामॉलच, ते पण डॉक्टरला विचारून.

राहायचं ठरलंच तर रात्रीच मेसेज टाका, म्हणजे बदली माणूस बघता येतो. सोबत थर्मामीटरचा फोटो जोडा, कारण "कणकण आहे" म्हटलं की कुणी ऐकत नाही, 102 दिसलं की गप बसतात.