मेनफ्रेम क्लाउडवर नेऊन देतो म्हणणाऱ्यांनी आम्हाला कसं गंडवलं

करार करूनच फसवलं, त्यामुळे कोर्टात जायचीही सोय उरली नाही. आमच्या मेनफ्रेमवरचे, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे, कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्राम आपोआप जावा भाषेत बदलून सगळं क्लाउडवर चढवून देतो, असा त्यांचा दावा. डेमो झकास झाला. नंतर कळलं, डेमोसाठी निवडलेले प्रोग्राम नुसते अहवाल छापणारे होते. खरी गुंतागुंत सीआयसीएसच्या (मेनफ्रेमवर लोकांचे व्यवहार तिथल्या तिथे हाताळणारी प्रणाली) स्क्रीन आणि रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांमध्ये असते; तिकडे कोणी फिरकलंही नव्हतं.

खरी मेख पैशांच्या हप्त्यांत होती. ‘कोड कंपाइल झाला’, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात नुसता बदलला गेला, की हप्ता द्यायचा. जुन्या आणि नव्या यंत्रणेचे आकडे जुळले पाहिजेत, असं करारात कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, ते टेस्टिंग तुमचं.

आकडे का जुळेनात? डेटा हलवताना त्यांनी अख्खी फाइल मजकूर समजून एब्सिडिकमधून (मेनफ्रेमवरची अक्षरांची कोडपद्धत) अ‍ॅस्कीत (इतर संगणकांवरची कोडपद्धत) बदलली. पण रकमा पॅक्ड डेसिमलमध्ये, म्हणजे एका बाइटात दोन अंक किंवा एक अंक आणि चिन्ह कोंबायच्या पद्धतीत होत्या. तिथे अधिक ५ ही रक्कम एका बाइटात ५सी अशी बसते: ५ हा अंक, सी हे अधिकचं चिन्ह. एब्सिडिकमध्ये ५सी म्हणजे तारांकन, आणि अ‍ॅस्कीत तारांकनाचा कोड २ए. गंमत अशी की ए हेसुद्धा अधिकचंच चिन्ह धरलं जातं. म्हणजे ५ चे गुपचूप २ झाले. एरर नाही की इशारा नाही. असली फाइल फील्डनुसार, कॉपीबुक (फाइलमध्ये कुठे कोणतं फील्ड आहे याचा कोबोलमधला आराखडा) समोर ठेवूनच बदलायची असते. हे त्यांना माहीत नव्हतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. दुरुस्तीचं कोटेशन तयारच होतं, वेगळ्या बिलाचं!

ज्या प्रोग्रामांचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड हरवून फक्त लोड मॉड्यूल, म्हणजे मशीनला चालवता येणारं रूप उरलं होतं, तेही ‘कामाच्या कक्षेबाहेर’.

आणि तो जावा! नाव जावाचं, वळण कोबोलचं. ओळीओळीला त्यांच्याच लायब्ररीला हाक, आणि त्या लायब्ररीला दरवर्षी लायसन्स. भरलं नाही तर काहीच चालत नाही. मेनफ्रेमच्या भाड्यातून सुटायला गेलो, नवा घरमालक पदरात पडला.

तुमची बोलणी चालू असतील तर डेमोचे प्रोग्राम तुम्हीच निवडा, महिनाअखेरची बॅच त्यात असू द्या. दोन्ही यंत्रणा समांतर चालवून पैसा न् पैसा जुळल्यावरच मोठा हप्ता, हे लेखी घ्या. त्यांची लायब्ररी काढून टाकली तर कोड चालेल का, तेही सहीआधी विचारा. आमच्याकडे जुनं मशीन अजून बंद करता आलेलं नाही. दोन्हीकडची बिलं भरतोय.